महिलांचा शिवण आणि साक्षरता वर्ग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात आमचा दुपारचा वर्ग भरतो. एका भिंतीला फळा, समोरच्या भिंतीला सहा पायमशीन, मधे सतरंजी. गावातल्या बाया, त्यांच्या घरची माणसं, शिकवायला येऊ म्हणणारी मुलंमुली, सगळेच फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. ज्यांना वाचता येत नाही त्यांना घरातल्या कुणीतरी हे वाचून दाखवावं.

मला शिवण शिकायचंय. मग पाटी-पेन्सिल कशाला?

कारण आम्ही दोन्ही वेगवेगळं करून बघितलं आहे. आधी नुसता अक्षरओळखीचा वर्ग घेतला. पहिल्या आठवड्यात वीस जणी होत्या, महिन्याने पाच उरल्या. आलेली अक्षरंही पावसाळ्यानंतर पुसली गेली, कारण घरी वाचायला काहीच नव्हतं. पुढच्या वर्षी नुसतं शिवण घेतलं. बाया झटपट शिकल्या, पण गिऱ्हाइकाचं माप लिहून ठेवता येईना. चार ब्लाउज एकदम आले की कुणाची बाही केवढी, हे डोक्यात ठेवता ठेवता गोंधळ व्हायचा.

हा अनुभव आमचा एकट्याचा नाही. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे महाराष्ट्रभर पसरली. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा, सगळा गाव जमायचा. फार मोठं काम होतं ते, आणि बरंचसं लोकांच्याच जोरावर झालं. पण समारंभानंतर जिथे हातात वाचायला काही पडलं नाही, तिथली अनेक माणसं शिकलेलं विसरली. अक्षराला रोजचं काम लागतं. मापाची वही हे आमच्या वर्गातलं ते काम आहे. आमच्या बायांचं पहिलं पुस्तक म्हणजे इंची टेप.

पण टेपवरचे आकडे मला कळतील का? मी शाळेची पायरीसुद्धा चढले नाही.

हिशोब तुम्हाला येतो, फक्त तो कागदावर मांडता येत नाही. पावशेर, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे आमच्या कुठल्याही काकूंना शिकवावं लागलेलं नाही. आठवडी बाजारात पाऊण किलो वांग्याचे पैसे त्या आमच्याआधी सांगतात. गवंड्याच्या हाताखाली काम केलेल्या बायांना तर 'सूत' माहीत असतं. एका इंचाची आठ सुतं. टेपवरच्या बारीक रेघा म्हणजे तीच सुतं, एवढं सांगितलं की त्यांची भीती जाते.

खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी येते, आणि ती आम्हाला एक कापड वाया गेल्यावर कळली. टेपवर आकडे इंग्रजी असतात, फळ्यावर आम्ही मराठी शिकवत होतो. मराठी चार आणि इंग्रजी आठ जवळजवळ सारखे दिसतात. मराठी एक आणि इंग्रजी नऊ यांचंही तेच. एका मावशींना नातीच्या फ्रॉकचा गळा ४ इंच खोल कापायचा होता. फळ्यावर त्यांनी ४ बघितला, टेपवर त्याच्यासारखा दिसणारा आकडा शोधला आणि कात्री आठवर चालवली. गळा पोरीच्या बेंबीपर्यंत आला. मावशी रडायच्या बेतात. चूक त्यांची नव्हतीच, त्यांनी तर फळ्यावरचा आकार अचूक ओळखला होता. त्या दिवसापासून आम्ही दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहितो, आणि टेप हातात धरून शून्याकडून बोटाने मोजत जायची सवय लावतो. आकाराकडे बघून नाही, मोजून.

त्यानंतर येतो चौथा भाग. छाती ३६ असेल तर तिचा चौथा भाग ९, त्यात ढिलाई आणि शिलाईची दाब, म्हणजे टाक्यासाठी सोडायचं जादा कापड, मिळवायची. हे आम्ही भागाकार म्हणून शिकवत नाही. टेप ३६ वर धरायचा, दुमडायचा, पुन्हा दुमडायचा. ९ वर घडी येते. मग तीच घडी वहीत लिहायची. मुंढा (बाही जोडतात तो खांद्याजवळचा घेर), बाही, गळा, कंबर, पूर्ण उंची हे शब्द पहिल्या दीड महिन्यात प्रत्येकीला लिहिता येतात, कारण त्या शब्दांशिवाय ब्लाउज होत नाही. 'मुंढा' मधला अनुस्वार आणि ढ शिकवायला कुठलाही धडा इतका कामी आला नसता.

किती दिवसांत वाचता येईल?

साक्षरता अभियानाच्या काळात तीन भागांच्या वाचनपाठाला साधारण २०० तास धरत. आमचाही अंदाज तेवढाच आहे. रोज दोन तास धरले तर आठवड्याचे सहा दिवस मिळून चार महिने. पण कुणाच्या घरी लग्न, कुणाची खुरपणी, कुणाचं दुखणं, म्हणून प्रत्यक्षात सहा महिने लागतात. घाई करू नका. जोडाक्षरांपाशी सगळ्याच अडतात.

परीक्षा असते का?

आमची नसते. सरकारची असते. २०२२ ते २०२७ या काळासाठी केंद्राचा 'उल्लास : नवभारत साक्षरता कार्यक्रम' आहे, तो १५ वर्षांपुढच्या सगळ्या निरक्षरांसाठी आहे. त्यात वाचन, लेखन आणि संख्याज्ञान असे ५०-५० गुणांचे तीन भाग, एकूण १५० गुणांची चाचणी होते आणि पास झाल्यावर प्रमाणपत्र मिळतं. नोंदणी गावच्या जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींकडे करा. परीक्षाही बहुधा त्याच शाळेत होते. ज्या बाकावर पोराला बसवलं त्याच बाकावर बसून पेपर लिहायचा म्हटल्यावर काही जणींना लाज वाटते. ज्यांनी लिहिला, त्यांनी दुसऱ्या दिवशी वर्गात साखर वाटली.

माझं वय साठीच्या पुढे आहे. आता काय शिकायचं?

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातलं फांगणे गाव माहीत आहे का? तिथे ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून यायच्या. त्यांना कुणाला नोकरी करायची नव्हती. पोथी वाचायची होती, सही करायची होती. आमच्याकडे वयाची अट नाही. डोळ्यांना कमी दिसत असेल तर आधी चष्मा करून घ्या. सुईत दोरा ओवणं हीच आमच्याकडची डोळ्यांची तपासणी आहे.

सरकारी व्यवसाय प्रशिक्षणात मात्र वय बघतात. जन शिक्षण संस्थानच्या वर्गांना साधारणपणे १५ ते ४५ वयोगट आहे.

आम्ही दिवाळीत ऊसतोडीला जातो. अर्धवट सुटेल, मग सुरूच कशाला करायचं?

हा प्रश्न आमच्याकडे सगळ्यात जास्त येतो, आणि याचं उत्तर शोधायला आम्हाला दोन वर्षं लागली. दसरा-दिवाळीला गाव रिकामं होतं ते मार्च-एप्रिलपर्यंत. जून ते जानेवारी असं वर्ष धरून चालणारा कुठलाही अभ्यासक्रम इथे अर्ध्यावर मोडतो. म्हणून आमचं वर्ष उसाप्रमाणे चालतं. वर्ग अक्षय तृतीयेच्या सुमाराला सुरू होतो आणि दसऱ्याला थांबतो. पेरणीच्या पंधरा दिवसांत सुट्टी.

आणि ऊसतोडीला जाताना प्रत्येकीला एक वही देतो. त्यात तीन रकाने : तारीख, खेप, टन. कारखान्याच्या काट्यावर वजन झालं की काटापावती मिळते. तिच्यावरचा आकडा बघून त्याच दिवशी वहीत उतरवायचा. कोयत्याचा, म्हणजे नवरा-बायको दोघांचा, हिशोब मुकादमाकडे, म्हणजे तोडीला मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडे, एकत्र असतो. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, नवऱ्याने घेतलेली, पैसेही त्याच्याच हातात. बाई तितकाच ऊस तोडते, मोळ्या डोक्यावर वाहते, पण हंगामाच्या शेवटी किती फिटले आणि अंगावर किती बाकी राहिली, हे तिला कुणीतरी सांगेल तेवढंच कळतं.

गेल्या हंगामानंतर एक ताई परत आल्या तेव्हा त्यांची वही चिकट झाली होती, पानांवर उसाच्या रसाचे डाग. अक्षर वाकडं-तिकडं, पण एकही दिवस सुटलेला नाही. मुकादमाच्या हिशोबात त्यांच्या तीन खेपा कमी लागल्या होत्या. त्यांनी वही पुढे केली. पावत्या काढून ताडून बघितलं, तेव्हा खेपा निघाल्या आणि हिशोबात चढल्या. आम्ही त्यांना विचारलं, भांडण झालं का? त्या म्हणाल्या, "भांडाण कशाचं ताई, म्या निस्ती वही ठिवली त्येच्या म्होरं."

तेव्हा, अर्धवट सुटेल म्हणून सुरूच न करणं, असं करू नका. सुटलेलं पुढच्या उन्हाळ्यात धरता येतं.

वाचता येऊन असं काय मोठं होणार आहे?

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी झाली. सुमारे ८२ हजार महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यामागे कारणं अनेक आहेत : खाडा पडला तर दंड, पाळीच्या दिवसांत ना पाणी ना आडोसा, अंगावर काढलेली दुखणी, मनात घातलेली कॅन्सरची भीती. नुसतं वाचता आलं असतं तर हे सगळं टळलं असतं, असं आम्ही म्हणणार नाही. पण ऑपरेशनच्या आधी संमतीचा कागद येतो. त्यावर अंगठा लावण्याआधी 'गर्भाशय' हा शब्द वाचता येणं आणि "हे का काढायचं? गोळ्यांनी भागणार नाही का?" असं विचारता येणं, ही लहान गोष्ट नाही. आमच्या वर्गात हा शब्द फळ्यावर लिहिला जातो. मोठ्याने वाचला जातो.

घरचे पाठवत नाहीत. सासूबाई म्हणतात, ही नवी थेरं आहेत.

नवी नाहीत. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये शेतकरी-मजूर स्त्रीपुरुषांसाठी रात्रशाळा चालवली होती. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथे दुष्काळातून आलेल्या बाया विणकाम करत आणि छापखानाही चालवत. खिळे जुळवायला अक्षर यावंच लागतं, म्हणजे तिथेही हात आणि अक्षर बरोबरच शिकले. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने १९०९ पासून विधवांना आणि परित्यक्तांना शिकवून परिचारिका, शिक्षिका म्हणून उभं केलं.

हे सासूबाईंना सांगून फरक पडतो का? फारसा नाही. फरक पडतो तो त्यांना एक दिवस वर्गात घेऊन आल्याने. आम्ही त्यांनाच वर्गाला गोधडीचा एक टाका शिकवायला लावतो, कारण त्यातल्या त्या खऱ्या जाणकार. गोधडीच्या टाक्यात आमच्यातलं कुणी त्यांच्या जवळपासही नाही. दोन सासवा अशाच आल्या त्या पाटी घेऊन बसल्या.

नवरा अडवत असेल तर आम्ही घरी येऊन बोलतो. तुम्ही सांगितल्याशिवाय येत नाही.

सरकारकडून मोफत शिलाई मशीन मिळते असा मेसेज आलाय. फॉर्म भरू का?

त्या लिंकवर काहीही भरू नका. आधार नंबर देऊ नका, ओटीपी तर अजिबात नाही. 'प्रधानमंत्री मोफत शिलाई मशीन' नावाने फिरणारे असे मेसेज खोटे असल्याचं केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयानेच सांगितलं आहे.

खरं काय आहे ते असं. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत, त्यात शिंपीकाम आहे. जी बाई खरोखर शिवणकाम करते तिच्यासाठी ही योजना आहे. काही दिवसांचं प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं व्हाउचर आणि ५ टक्के व्याजाने कर्ज. एका कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. शिवाय जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाकडून शिलाई मशीन, पिठाची गिरणी अनुदानावर देण्याच्या योजना निघतात. त्याची चौकशी ग्रामपंचायतीत किंवा पंचायत समितीत करायची. नियम बदलत असतात, म्हणून जाऊन विचारा. अर्ज भरून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला पैसे देऊ नका.

तुमच्या प्रमाणपत्रावर नोकरी लागेल का?

आमच्या कागदावर नाही. सरकारमान्य प्रमाणपत्र हवं असेल तर तीन वाटा आहेत.

जन शिक्षण संस्थान ही निरक्षर, नवसाक्षर आणि शाळा सुटलेल्यांसाठीच आहे. तिचं मूळ आपल्याकडचंच : १९६७ साली वरळीत गिरणगावातल्या कामगारांसाठी निघालेलं श्रमिक विद्यापीठ. दुसरी वाट म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, जी जिल्ह्याची अग्रणी बँक चालवते. तिथे राहणं, जेवण आणि शिकणं सगळं मोफत. आणि तिथला माणूस प्रशिक्षणानंतरही दोन वर्षं धंद्याची विचारपूस करतो, कर्जाला मदत करतो. आमच्या मते स्वतःचा धंदा करणारीसाठी हीच वाट सर्वांत चांगली. तिसरी आयटीआय. शिवणाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आठवी पास मुलींना करता येतो.

शिवणावर महिन्याला किती सुटतील?

एकच आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. हिशोब स्वतः मांडा, आम्ही वर्गात असा मांडतो. समजा अस्तराच्या ब्लाउजची शिलाई २५० रुपये घेतली. अस्तराचे ६०, दोरा आणि हुकचे १५, सुई, तेल, दुरुस्ती मिळून १०. उरले १६५. माप घेण्यापासून हुक लावेपर्यंत अडीच तास गेले, तर तासाला ६६ रुपये. आता लग्नसराईत रोज काम असेल, पितृपंधरवड्यात जवळजवळ काहीच नसेल. उधारी किती राहते तेही लिहा. आमच्याकडे बायका शिलाई उधार ठेवतात, मागायला ओळखीमुळे जड जातं.

फॉल-पिको जोडीला घेतलं तर ब्लाउज नसतानाही मशीन चालू राहते. ब्लाउजचा हात बसला नसताना ओव्हरलॉक मशीनसाठी कर्ज काढू नका.

सगळ्याच शिवण शिकल्या तर गिऱ्हाईक कुठून येणार?

अगदी बरोबर प्रश्न. एका गावात दहा शिंपिणी पोसल्या जात नाहीत. शिवण शिकवणाऱ्या सगळ्यांनीच याकडे डोळेझाक केली आहे, आम्हीसुद्धा काही वर्षं केली. बाईमाणूस म्हणजे शिलाई मशीन आणि पापड, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय.

आता दर वर्षी पहिल्या आठवड्यात बायांबरोबर बसून गावाची यादी करतो : गावात काय विकत येतं, कशासाठी तालुक्याला जावं लागतं. त्यातून शेळीपालन निघालं, मसाला कांडप निघालं. आमच्या डोंगरात सीताफळ उदंड, बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, पण ते दोन दिवसांत पिकून जातं. गर काढून गोठवला तर भाव मिळतो. त्यासाठी स्वच्छता, वजन, तारीख लिहिलेलं लेबल, अन्नसुरक्षेची नोंदणी हे सगळं लागतं. म्हणजे पुन्हा अक्षरच.

तमिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेने बायांना सायकल शिकवली. अक्षरांच्या वर्गात सायकल! दगडखाणीत राबणाऱ्या, शेतात जाणाऱ्या हजारो बाया सायकलवर बसल्या, आणि बाजार, दवाखाना, वर्ग सगळं जवळ आलं. आम्हाला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आमच्या गावातून शेवटची एसटी साडेपाचला जाते. स्कूटी शिकवायचं कधीपासून मनात आहे.

बचत गटाचा हिशोब सचिव लिहिते. मग मला कशाला यायला हवं?

सचिव प्रामाणिक असेल, तरी तुमचं पान तुम्हाला वाचता यायला हवं. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला बायांनी स्वतःची बँक काढायची ठरवली, तेव्हा अर्जावर अंगठे होते म्हणून रिझर्व्ह बँकेने तो नाकारला. सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हांबरोबरच्या त्या बाया परत गेल्या आणि लिहायला-वाचायला शिकल्या. मग पुन्हा अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहून म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा, बघू कोण आधी सांगतं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

सही आली. आता बँकेत अंगठ्याऐवजी सही चालेल का?

चालते. शाखेत अर्ज, फोटो, आधार देऊन नमुना सही नोंदवायची. दर वेळी सारखी सही करता येईपर्यंत थांबा, नाहीतर पैसे काढताना सही जुळत नाही म्हणून परत पाठवतात. आम्ही पन्नास वेळा लिहायला लावतो.

मला शिकवायला यायचंय. काय तयारी करू?

बायांना 'अरे वा, शाबास' म्हणून लहान पोरांसारखं बोलू नका. चुकलेलं अक्षर खोडून दाखवू नका, शेजारी बरोबर लिहा. वय बघून काकू, मावशी, आजी म्हणा. 'अडाणी' हा शब्द वर्गात नको, त्या स्वतःला म्हणाल्या तरी नको. आणि आठवड्यातून दोन दिवस येणार असाल तर दोन्ही दिवस या. तुम्ही आला नाहीत तर त्यांना वाटतं, आपल्यालाच येत नाही म्हणून बाई कंटाळली.

पहिल्या दिवशी काय आणायचं?

एक जुनी साडी, कापून शिकायला. घरात असेल तर कात्री. पाटी, टेप आणि वही आम्ही देतो. लेकरू लहान असेल तर त्याला घेऊन या, कोपऱ्यात झोळी बांधलेली आहे. वर्ग दुपारी दोनला सुरू होतो, पाणी भरण्याच्या वेळेआधी चारला सुटतो.